अ‍ॅन्सिबलच्या हॅकिंग फोल्डरमधल्या स्क्रिप्ट एन्व्ह-सेटअप, टेस्ट-मॉड्यूल, शिवाय अ‍ॅन्सिबल-टेस्ट, तेही नेट तुटपुंजं असताना

खाडीकाठ (राजापूर)

राजापूर, लांजा आणि देवरुख इथल्या शाळांच्या संगणक-खोल्या अ‍ॅन्सिबलने सांभाळायच्या आहेत, म्हणजे एका मशीनवरून बाकीच्यांची कामं करून घ्यायची. सगळी मशीनं डेबियन, पण आवृत्त्या वेगवेगळ्या: लांज्याला १०, बाकी ११ आणि १२. प्रत्येक खोलीत एक यूपीएस आहे आणि त्याच्यावर नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, चालतं. जूनपासून लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून अपग्रेडचं प्लेबुक (कामांची यादी असलेली फाइल) सुरू व्हायच्या आधी यूपीएस लाइनवर आहे की बॅटरीवर, हे बघणारं छोटं मॉड्यूल, म्हणजे एकच काम करणारा पायथन कोड, लिहिलं आहे. नाव यूपीएस_स्टेटस. आत अपएससी ही कमांड चालवून यूपीएस.स्टेटस आणि बॅटरी.चार्ज या दोन किमती उचलतो.

मॉड्यूल तपासायला अ‍ॅन्सिबल-कोअरची गिट प्रत घेतली, डेव्हल ही विकासाची ब्रँच. हॅकिंग फोल्डरमधल्या स्क्रिप्ट आणि बिनमधलं अ‍ॅन्सिबल-टेस्ट वापरायला गेलो तर एकेक अडतंय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितो, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्येच आहेत.

एक. हॅकिंग/एन्व्ह-सेटअप चालवली, शेवटी 'डन!' आलं, पण अ‍ॅन्सिबल --व्हर्जन विचारलं की एपीटीने बसवलेली जुनीच आवृत्ती दाखवतो.

दोन. टेस्ट-मॉड्यूल.पीवाय ने मॉड्यूल लॅपटॉपवर नीट चालतं. तेच प्लेबुकातून लांज्याच्या मशीनवर फेल. मध्येच तपासायला दोन प्रिंट टाकले, तर टेस्ट-मॉड्यूल 'इनव्हॅलिड आउटपुट फॉरमॅट' म्हणून ओरडतं, आणि प्लेबुकात मात्र त्या प्रिंटचा मागमूसही नाही.

तीन. रिमोटवर, म्हणजे समोरच्या मशीनवर, जाऊन डीबग_डिर या उलगडलेल्या मॉड्यूलच्या फोल्डरमधली फाइल बदलली, पुन्हा चालवलं, वागणूक जशीच्या तशी.

चार. अ‍ॅन्सिबल-टेस्ट सॅनिटी दिलं की सध्याची डिरेक्टरी सोर्स ट्रीच्या आत हवी, असं सांगून थांबतं. आणि --डॉकर द्यायचं तर इमेज एवढी मोठी की आमच्या नेटवर रात्रभर लावली तरी सकाळी अर्ध्यावर.

यातलं काय चुकतंय आणि कोणत्या क्रमाने जावं?

—

गलबत

पहिल्याचं उत्तर: स्क्रिप्ट चालवली, सोर्स केली नाही. ./हॅकिंग/एन्व्ह-सेटअप किंवा बॅश हॅकिंग/एन्व्ह-सेटअप असं दिलं की ती वेगळ्या शेलमध्ये चालते, तिथलं पाथ आणि पायथनपाथ बदलते आणि तो शेल संपला की सगळं त्याच्याबरोबर जातं. 'डन!' दोन्ही वेळा छापलं जातं, म्हणून फसायला होतं. हवं ते असं:

सोर्स हॅकिंग/एन्व्ह-सेटअप

रोज तीच बडबड नको असेल तर पुढे -क्यू लावा. फिश शेल असेल तर एन्व्ह-सेटअप.फिश ही वेगळी फाइल आहे, ती घ्यायची.

ती नेमकं काय करते हे माहीत असलं की निम्म्या भानगडी आपोआप कळतात. चेकआउटचं बिन फोल्डर पाथच्या पुढे जोडते. लिब आणि टेस्ट/लिब ही दोन फोल्डर पायथनपाथच्या पुढे जोडते. मॅनपाथ लावते. बस. काहीही 'इन्स्टॉल' होत नाही, म्हणून लिबमध्ये ओळ बदलली की पुढच्या कमांडला लगेच लागू.

खात्री --व्हर्जनच्या पहिल्या ओळीवर करू नका, खालच्या दोन ओळी बघा: 'अ‍ॅन्सिबल पायथन मॉड्यूल लोकेशन' आणि 'एक्झिक्युटेबल लोकेशन'. दोन्ही तुमच्या चेकआउटमध्ये असायला हव्यात. एक चेकआउटमध्ये आणि दुसरी यूएसआर/बिन मध्ये असेल तर ती अर्धवट अवस्था आहे, आणि तिच्यातून इम्पोर्टच्या चित्रविचित्र चुका निघतात.

ही अर्धवट अवस्था येते कशी? बहुतेकदा व्हर्च्युअल एन्व्हमुळे (व्हेनव्ह, पायथनची पॅकेजं वेगळी ठेवायचा फोल्डर). व्हेनव्ह चालू करताना तो त्या क्षणाचा पाथ बाजूला ठेवतो आणि डिअ‍ॅक्टिव्हेट म्हटलं की तोच परत आणतो. एन्व्ह-सेटअपने मधे जोडलेलं बिन त्यात उडतं, पायथनपाथ मात्र तसाच राहतो. मग एपीटीचा अ‍ॅन्सिबल सिस्टिमच्या पायथनने सुरू होतो आणि लायब्ररी तुमच्या चेकआउटची उचलतो. उपाय साधा: आधी व्हेनव्ह अ‍ॅक्टिव्हेट, मग एन्व्ह-सेटअप सोर्स, आणि काम संपलं की डिअ‍ॅक्टिव्हेट न करता टर्मिनल सरळ बंद करा. क्रम उलटा केला आणि व्हेनव्हमध्ये पिपने अ‍ॅन्सिबल बसवलेलं असलं, तर तेच पुढे येतं.

व्हेनव्ह चेकआउटच्या आत करू नका. गिटइग्नोअरमध्ये नसेल तर अ‍ॅन्सिबल-टेस्ट त्यातल्या हजारो फाइलीसुद्धा तुमचाच कोड समजतं.

सुडो लावून अ‍ॅन्सिबल चालवायची सवय असेल तर ती सोडा. सुडो पाथ स्वतःचा लावतो आणि पायथनपाथ टाकून देतो, म्हणजे पुन्हा एपीटीची प्रत. रूट हवा तर अ‍ॅन्सिबललाच -बी आणि मोठा -के द्या.

अवलंबून असलेली पॅकेजं पाचच आहेत: जिंजा२, पायवायएएमएल, क्रिप्टोग्राफी, पॅकेजिंग, रिझॉल्व्हलिब. रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी मधून पिपने घ्या. रिझॉल्व्हलिबला वरची मर्यादा घातलेली असते, म्हणून हाताने 'सगळ्यात नवीन' बसवू नका.

—

कातळशिल्प

एवढा खटाटोप कशाला? व्हेनव्हमध्ये पिप इन्स्टॉल -ई . करा, झालं. पाथची झंझट नाही, डिअ‍ॅक्टिव्हेटची भीती नाही.

—

गलबत

एकच ब्रँच असेल तर मान्य. पण यांना दोन ब्रँच लागणार आहेत (लांज्याची डेबियन १० बघा), आणि मग प्रत्येक चेकआउटला वेगळा व्हेनव्ह आलाच. वेगळे केलेत तर -ई उत्तम.

—

तिरफळ

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल. यात खरी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर.

टेस्ट-मॉड्यूल.पीवाय म्हणजे अ‍ॅन्सिबल नव्हे. ती फक्त मॉड्यूल गुंडाळते, याच मशीनवर उलगडते आणि इथल्याच पायथनने चालवते. एसएसएच नाही, बिकम नाही, इन्व्हेंटरी नाही, आणि मुख्य म्हणजे अ‍ॅक्शन प्लगिन नाही. म्हणून टेम्प्लेट, कॉपी, फेच असल्या मॉड्यूलना ती लावून उपयोग नाही. त्यांचं निम्मं किंवा सगळं काम कंट्रोलरवरच्या (जिथून प्लेबुक चालवतो त्या मशीनवरच्या) अ‍ॅक्शन प्लगिनमध्ये होतं. टेम्प्लेटच्या मॉड्यूल-फाइलमध्ये तर कोडच नाही, नुसतं डॉक्युमेंटेशन. तुमचं यूपीएस_स्टेटस सरळ मॉड्यूल आहे, त्याला ही स्क्रिप्ट योग्य.

वापर असा:

हॅकिंग/टेस्ट-मॉड्यूल.पीवाय -एम <मॉड्यूलची वाट> -ए "यूपीएस=लॅब१ होस्ट=लोकलहोस्ट"

-ए ला तीन प्रकारे आर्ग्युमेंट देता येतात: नाव=किंमत; महिरपी कंसाने सुरू होणारं जेसन; किंवा @ लावून वायएएमएल फाइलचं नाव. यादी किंवा डिक्शनरी द्यायची असेल तर पहिल्या प्रकाराच्या नादी लागू नका, अवतरणचिन्हांच्या जंजाळात संध्याकाळ होईल. फाइल करा.

-सी ने चेक मोड. तुमचं मॉड्यूल काहीच बदलत नाही, तेव्हा सपोर्ट्स_चेक_मोड ट्रू ठेवाच. नाहीतर --चेक लावून प्लेबुक चालवलं की हे मॉड्यूल वगळलं जाईल, त्यातून रजिस्टर केलेल्या किमती रिकाम्या राहतील आणि चूक पुढच्या टास्कवर उमटेल. मोठा -आय देऊन इंटरप्रिटर बदलता येतो. मोठा -डी देऊन डीबगर लावता येतो. डेबियनवर यूएसआर/बिन/पीडीबी३ द्या. गुंडाळलेली प्रत होम फोल्डरमध्ये .अ‍ॅन्सिबल_मॉड्यूल_जनरेटेड या नावाने बसते आणि उलगडलेली तिच्या शेजारी डीबग_डिर मध्ये. दर वेळी त्यावरच पुन्हा लिहिलं जातं. तिथे सुधारणा करून ठेवाल तर पुढच्या रनला गेली म्हणून समजा.

आता तुमचे प्रिंट. मॉड्यूलने स्टँडर्ड आउटपुटवर फक्त एक जेसन द्यायचं असतं. खरं अ‍ॅन्सिबल जेसनच्या आधीच्या फालतू ओळी गुपचूप गाळून टाकतं, म्हणून प्लेबुकात त्या दिसल्या नाहीत. जेसनच्या नंतर काही आलं तर निदान इशारा तरी देतं. टेस्ट-मॉड्यूल असली दयामाया दाखवत नाही. आलेलं सगळं जसंच्या तसं जेसन म्हणून वाचायला जातं आणि कोलमडतं. ते कडक आहे ते बरंच आहे. प्रिंटऐवजी मॉड्यूल.वॉर्न वापरा, किंवा तपासण्यापुरती एक्झिट_जेसन मध्ये एक जादा की घाला आणि नंतर काढा.

अपएससी बद्दल एक. डेबियनवर ती स्टँडर्ड एररवर 'इनिट एसएसएल विदाउट सर्टिफिकेट डेटाबेस' अशी ओळ टाकते. ही चूक नाही, नुसती माहिती. पण सबप्रोसेसमध्ये दोन्ही प्रवाह एकत्र केले असतील तर बॅटरी.चार्जच्या ८७ आधी ती ओळ येणार आणि आकडा करताना मॉड्यूल मरणार. मॉड्यूल.रन_कमांड वापरा, ते परतीचा कोड, आउटपुट आणि एरर तिन्ही वेगळे देतं. बायनरी शोधायला मॉड्यूल.गेट_बिन_पाथ, रिक्वायर्ड=ट्रू. म्हणजे नट नसलेल्या मशीनवर ट्रेसबॅकऐवजी सरळ वाक्य मिळेल.

लांज्याचं फेल होणं मात्र तुमच्या कोडमुळे असेलच असं नाही. आधी तिथे नुसतं पिंग मॉड्यूल चालवून बघा. डेबियन १० चा पायथन ३.७ आहे. ज्या मशीनवर मॉड्यूल चालतं तिथे अ‍ॅन्सिबल-कोअर २.१७ ला किमान ३.७ लागतो, २.१८ ला ३.८, आणि डेव्हल त्याच्याही पुढे गेलेली आहे. तेव्हा तिथे डेव्हलवरून पिंगसुद्धा चालणार नाही. टेस्ट-मॉड्यूलला हे कळायचं कारण नाही, कारण ते तुमच्या लॅपटॉपच्या पायथनवर खूश आहे.

ती मशीनं वर न्यायला हवीतच. तोवर स्टेबल-२.१७ ब्रँच वेगळ्या फोल्डरमध्ये काढा:

गिट वर्कट्री अ‍ॅड ../अ‍ॅन्सिबल-२१७ स्टेबल-२.१७

एकच रिपॉझिटरी, दोन फोल्डर, दुसऱ्यांदा क्लोन नाही. त्या फोल्डरसाठी वेगळा व्हेनव्ह, आणि तो पायथन ३.१० ते ३.१२ पैकी एकाचा, कारण २.१७ कंट्रोलरवर तेवढ्यावरच चालतं. लांज्यासाठी तुमच्या मॉड्यूलमध्ये वॉलरस ऑपरेटर किंवा एफ-स्ट्रिंगमधलं बरोबर चिन्ह टाळा. दोन्ही ३.८ ला आले.

तिसरा प्रश्न. कंट्रोलरवर अ‍ॅन्सिबल_कीप_रिमोट_फाइल्स=१ लावून आणि -व्हीव्हीव्ही देऊन टास्क चालवला की रिमोटवर .अ‍ॅन्सिबल/टीएमपी खाली अ‍ॅन्सिबॉलझेड_यूपीएस_स्टेटस.पीवाय राहते. पाइपलाइनिंग चालू असलं तरी चिंता नाही, हा पर्याय ते बंद करतो. मग त्या मशीनवर:

पायथन३ अ‍ॅन्सिबॉलझेड_यूपीएस_स्टेटस.पीवाय एक्सप्लोड

याने शेजारी डीबग_डिर होतं. तिथली फाइल बदलायची. आर्ग्युमेंट त्याच फोल्डरमधल्या आर्ग्ज नावाच्या फाइलीत जेसन म्हणून असतात, तीही बदलता येते. आणि नंतर:

पायथन३ अ‍ॅन्सिबॉलझेड_यूपीएस_स्टेटस.पीवाय एक्झिक्यूट

हा शेवटचा शब्द तुमच्याकडून राहिला. नुसती फाइल चालवली की ती स्वतःच्या पोटातली मूळ झिपच उलगडते, डीबग_डिर कडे बघतही नाही. प्लेबुक पुन्हा चालवलं तर नवीनच झिप जाते, तो तर प्रश्नच नाही.

काम झालं की ती टीएमपी फोल्डरं पुसा. आर्ग्जमध्ये सगळे पॅरामीटर उघडे असतात. नो_लॉग लावलेला पासवर्डसुद्धा.

ह्यां आधी करून बघा, मगे अ‍ॅन्सिबल-टेस्टाकडे वळा.

—

खाडीकाठ

सोर्स केल्यावर दोन्ही लोकेशन चेकआउटमध्ये आली. स्टँडर्ड एररची भानगडही तशीच होती, दोन्ही प्रवाह एकत्रच केले होते. लांज्याला पिंगच पायथनच्या किमान आवृत्तीची तक्रार करतंय, २.१७ च्या वर्कट्रीतून चाललं.

लॅपटॉपला यूपीएस नाही. बॅटरीवरची अवस्था कशी तपासायची? दर वेळी देवरुखला कोणाला तरी प्लग काढायला सांगणं बरं दिसत नाही.

—

तिरफळ

नटमध्येच डमी-यूपीएस नावाचा ड्रायव्हर आहे. ईटीसी/नट खाली यूपीएस.कॉन्फ मध्ये नवीन विभाग करा, ड्रायव्हर = डमी-यूपीएस, पोर्ट = नकली.डेव्ह. त्याच फोल्डरमध्ये नकली.डेव्ह फाइल करून दोन ओळी लिहा:

यूपीएस.स्टेटस: ओबी डिसचार्ज
बॅटरी.चार्ज: ३४

ओबी म्हणजे बॅटरीवर. फाइलीत दुसरा शब्द संक्षेपाने लिहायचा, काही स्वर गाळून: डी-आय-एस-सी-एच-आर-जी. नट.कॉन्फ मध्ये मोड स्टँडअलोन करा, मग यूपीएसडीआरव्हीसीटीएल स्टार्ट आणि नट-सर्व्हर रीस्टार्ट. अपएससी नकली@लोकलहोस्ट दिलं की याच किमती येतात. फाइल बदलायची, मॉड्यूल चालवायचं.

आणि हे करताना मुद्दाम 'ओएल' (लाइनवर) च्या पुढे चार्जिंगचा संक्षेप, सी-एच-आर-जी, लिहून बघा. लाइट परत आल्यावर यूपीएस बराच वेळ चार्ज होत असतो, तेव्हा स्टेटसमध्ये दोन शब्द असतात. मॉड्यूलमध्ये किंमत ओएल च्या बरोबर आहे का, अशी तुलना केली असेल तर लाइट येऊनही ते 'बॅटरीवर' म्हणत राहील. मोकळ्या जागेवर तुकडे करून ओएल त्यात आहे का, ते बघायचं. एलबी आला तर बॅटरी संपत आली.

—

सुरुबन

चौथा प्रश्न माझ्याकडे.

'सोर्स ट्रीच्या आत हवी' ही तक्रार फोल्डरच्या नावांवरून येते. कोअरचं चेकआउट असेल तर त्याच्या आत उभे राहा. स्वतःचं मॉड्यूल कलेक्शनमध्ये (मॉड्यूल एकत्र बांधून ठेवायचा ठरावीक मांडणीचा फोल्डर) असेल तर वाट अक्षरशः अशी हवी:

कुठेही/अ‍ॅन्सिबल_कलेक्शन्स/कोकण/लॅब/

आणि आत प्लगिन्स/मॉड्यूल्स/यूपीएस_स्टेटस.पीवाय. नेमस्पेस आणि कलेक्शनच्या नावात लहान रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. कोकण-लॅब असं मधल्या आडव्या रेघेचं नाव दिलंत तर पायथनला ते इम्पोर्ट करता येत नाही. रिपॉझिटरी दुसरीकडे ठेवून इथे सिमलिंक केली तरी उपयोग नाही, अ‍ॅन्सिबल-टेस्ट खरी वाट बघतं. थेट इथेच क्लोन करा. प्लेबुकाला हे कलेक्शन सापडावं म्हणून अ‍ॅन्सिबल_कलेक्शन्स_पाथ मध्ये अ‍ॅन्सिबल_कलेक्शन्सच्या वरचं फोल्डर द्या. एकवचनी पाथ. जुन्या लेखांत पाथ्स असं अनेकवचन आढळतं, ते आता काढून टाकलं आहे.

इमेज. कोणती इमेज हवी हे अंदाजाने ठरवू नका. चेकआउटमध्ये टेस्ट/लिब/अ‍ॅन्सिबल_टेस्ट/_डेटा/कंप्लीशन/डॉकर.टीएक्सटी उघडा. तिथे डीफॉल्ट नावाच्या दोन ओळी आहेत: एकीच्या शेवटी कॉन्टेक्स्ट=कलेक्शन, दुसरीच्या कॉन्टेक्स्ट=अ‍ॅन्सिबल-कोअर. इमेज वेगवेगळ्या. कोअरमध्ये उभं राहून इमेज उतरवलीत आणि मग कलेक्शनमध्ये गेलात तर दुसरी तेवढीच मोठी उतरायला लागेल. शिवाय प्रत्येक ब्रँचच्या फाइलीत टॅग वेगळा. तुमचं काम मॉड्यूलपुरतं असेल तर फक्त कलेक्शनची ओळ घ्या, आणि त्याच्याबरोबर अ‍ॅन्सिबल-टेस्टची छोटी युटिलिटी इमेज लागते, तीही.

जिथे फायबर नीट आहे तिथे कोणाकडून तरी डॉकर पुल करून घ्या, डॉकर सेव्ह ने टार करा, जीझिप करा आणि पेनड्राइव्ह एसटीने मागवा. इथे डॉकर लोड. इमेज त्याच नावाने आणि त्याच टॅगने हजर असली की अ‍ॅन्सिबल-टेस्ट पुन्हा उतरवायला जात नाही. सेव्ह करताना आयडी न देता पूर्ण नाव:टॅग द्या. आयडीने सेव्ह केली तर लोड झाल्यावर इमेज बिननावाची राहते, आणि मग डाउनलोड सुरू होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, स्प्लिटने तुकडे करा.

पिपचंही तसंच. चांगल्या नेटवर पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी व्हील्स, इथे पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स व्हील्स. पायवायएएमएलचं व्हील पायथनच्या त्या-त्या आवृत्तीचं असतं, ३.१२ वर उतरवलेलं ३.११ वर बसत नाही.

गिट क्लोन --डेप्थ १ चा मोह होईल. त्याने नेट वाचतं पण इतिहास नसल्यामुळे --चेंज्ड ला फांदी कुठून फुटली ते सापडत नाही. त्यापेक्षा --फिल्टर=ब्लॉब:नन. सगळे कमिट येतात, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तसा. गिट ब्लेम करताना मात्र नेट लागणार.

आता --चेंज्ड बद्दल दोन खड्डे. डेव्हलवरच उभं राहून दिलं तर 'ही फीचर ब्रँच नाही' म्हणून नकार मिळतो; आधी गिट स्विच -सी ने स्वतःची फांदी काढा. आणि नवीन फाइल गिट अ‍ॅड केली नसेल तर ती धरलीच जात नाही. वर एक इशारा येऊन जातो, खाली सगळं हिरवं. --अनट्रॅक्ड लावा किंवा अ‍ॅड करा. हे सगळं कोअरसाठी. कलेक्शनमध्ये फाइलचं नावच द्या, सोपं पडतं:

अ‍ॅन्सिबल-टेस्ट सॅनिटी --डॉकर डीफॉल्ट --टेस्ट व्हॅलिडेट-मॉड्यूल्स प्लगिन्स/मॉड्यूल्स/यूपीएस_स्टेटस.पीवाय

पहिल्या फेरीत साधारण हेच निघेल: वर जीपीएल ३ ची ओळ नाही; डॉक्युमेंटेशनमध्ये टाइमआउटचा डीफॉल्ट १० आणि आर्ग्युमेंट_स्पेकमध्ये ५; रिटर्न विभाग नाही. पेप८ च्या तपासणीत (पायथनच्या लेखनशैलीचे नियम) ओळीची मर्यादा १६० अक्षरं आहे, ७९ नाही, तेव्हा एडिटर उगाच ओळी मोडत असेल तर त्याला सांगा. गिटइग्नोअरमध्ये असलेली फाइल कंटेनरमध्ये जात नाही हेही लक्षात असू द्या. टेस्टचा नमुना-डेटा तिथे गाडला गेला की 'फाइल सापडली नाही' येतं आणि माणूस वाट शोधत बसतो.

रिटर्न विभागासाठी हॅकिंग/रिटर्न_स्केलेटन_जनरेटर.पीवाय आहे. मॉड्यूलच्या उत्तराचं जेसन तिला दिलं की सांगाडा छापते. त्या एका उत्तरावरून प्रकार ठरवते, म्हणून चार्ज आधी इंट करून घ्या, नाहीतर तो एसटीआर म्हणून नोंदवला जाईल. वर्णनं हाताने भरायची.

डॉकर जमतच नसेल तर --व्हेनव्ह आहे, पण ते पहिल्यांदा पिपने बरंच काही ओढतं. नेटच्या हिशेबात इमेज एकदा पेनड्राइव्हने आणणं स्वस्त.

—

गलबत

रोजच्यासाठी हे चार ओळींत बांधा, फाइलीचं नाव काहीही:

सोर्स ~/व्हेनव्ह/डेव्हल/बिन/अ‍ॅक्टिव्हेट
सोर्स ~/कोड/अ‍ॅन्सिबल/हॅकिंग/एन्व्ह-सेटअप -क्यू
सीडी ~/कोड/अ‍ॅन्सिबल_कलेक्शन्स/कोकण/लॅब
अ‍ॅन्सिबल --व्हर्जन | ग्रेप लोकेशन

ही फाइलसुद्धा सोर्सच करायची, नाहीतर पहिल्या प्रश्नावर परत याल. दुसरी अशीच २१७ च्या वर्कट्रीसाठी. सॅनिटी यात घालू नका. ती गिटच्या प्री-पुश हुकमध्ये टाका. प्री-कमिटला टाकली तर दर कमिटला कंटेनर उठेल आणि चार दिवसांत तुम्ही --नो-व्हेरिफाय लिहायला लागाल.

—

खाडीकाठ

सुरुबन, डॉकर.टीएक्सटी मधल्या दोन ओळींचं माहीतच नव्हतं, मी कोअरची इमेज उतरवत होतो. कलेक्शनची रत्नागिरीहून मागवली आहे.

डमी-यूपीएसवर चार्जिंगचा शब्द लिहून बघितला. तिरफळ म्हणतात तसंच, मॉड्यूलने चक्क बॅटरीवर सांगितलं. स्प्लिट केल्यावर ठीक. एक राहिलं: देवरुखच्या यूपीएसवर स्टेटसच्या सुरुवातीला 'अलार्म' असा शब्दही येतोय. तो आल्यावर अपग्रेड थांबवावं का?

—

तिरफळ

थांबवा. यूपीएस.अलार्म वाचून तो मजकूर उत्तरात द्या. बहुतेकदा बॅटरी बदला असंच लिहिलेलं असतं, आणि ती बदलायच्या आधी ओएल वर विसंबून डीपीकेजी (डेबियनवर पॅकेजं बसवणारी कमांड) सुरू करू नये.